आधी नोकरी, मग नंबर, मग व्हिसा: सोलापुरातून इंग्लंडला कामाला जाणाऱ्यांसाठी

यंदा गड्ड्याच्या यात्रेला घरी आलो, तर चार दिवसांत सहा जण भेटून गेले. कुणी शेजारच्या काकांचा भाचा, कुणी आईच्या भिशीतल्या बाईंची लेक. सहाही जणांचा प्रश्न एकच. "दादा, एजंट बघून ठेवलाय. अठरा लाखांत इंग्लंडचा व्हिसा करून देतो म्हणालाय. लै खात्रीचा हाय म्हणतेत. देऊ का पैसे?"

नका देऊ. पण नुसतं 'नका देऊ' म्हटलं की समोरचा हिरमुसतो आणि दुसऱ्या दिवशी पैसे देऊन येतो, कारण त्याऐवजी काय करायचं ते कुणी सांगितलेलं नसतं. म्हणून हे लिहायला बसलो. मी सिव्हिल इंजिनिअर, शिक्षण सोलापुरात, पहिली नोकरी पुण्यात. २०२१ च्या नोव्हेंबरपासून इंग्लंडमध्ये 'स्किल्ड वर्कर' व्हिसावर आहे. वकील नाही, सल्लागारही नाही. स्वतःची फाइल स्वतः केली, काही ठिकाणी आपटलो, आणि नंतर मित्रांच्या पाच-सहा फाइली बघितल्या. खालचे आकडे २०२६ च्या सुरुवातीचे आहेत. तिथलं सरकार ते अधूनमधून वाढवत असतं, तेव्हा पैसे भरायच्या दिवशी गव्ह डॉट यूके या सरकारी संकेतस्थळावर पुन्हा बघा.

व्हिसा 'काढायचा' नसतो

आपण 'व्हिसा काढायचा' म्हणतो, जणू रेशनकार्डच. स्किल्ड वर्कर व्हिसा नोकरीच्या पोटातून निघतो. तिथल्या एखाद्या कंपनीकडे परदेशी माणूस ठेवण्याचा सरकारी परवाना असतो, तिला म्हणायचं स्पॉन्सर. ती कंपनी तुमची मुलाखत घेते, नोकरी देते, आणि मग तिथल्या गृहखात्याच्या, म्हणजे होम ऑफिसच्या, संगणक प्रणालीत तुमच्या नावाची नोंद करते. त्या नोंदीला 'सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिप' म्हणतात. बोलताना सगळे 'सीओएस' म्हणतात. नाव सर्टिफिकेट असलं तरी तो फ्रेम करून लावायचा कागद नव्हे, तो एक नंबर आहे. तो नंबर हातात आला की अर्ज तुम्ही स्वतः करायचा.

या सगळ्यात कंपनी, होम ऑफिस आणि तुम्ही असे तिघेच बसलेले. एजंटाला खुर्चीच नाही.

अर्जाला ७० गुण लागतात असं वाचून पोरं घाबरतात. ही सीईटीसारखी मेरिट लिस्ट नाही. परवानाधारक कंपनीची नोकरी २०, कामाची पातळी २०, पगार २०, इंग्रजी १०. चारही रकाने भरले की ७० होतात. एक जरी राहिला तर बाकीचे कितीही भारी असोत, उपयोग शून्य.

तुमचं काम यादीत आहे का

२२ जुलै २०२५ ला तिथे मोठा बदल झाला. त्याआधी साधारण बारावीच्या पातळीची कामं चालायची, आता नव्याने येणाऱ्यांसाठी मुख्यतः पदवीच्या पातळीचीच चालतात. शंभराहून जास्त कामं यादीतून गेली. त्यात स्वयंपाकी गेले, प्लॅस्टरचं काम करणारे गेले. आणि वृद्धांची सेवा करणाऱ्या 'केअर वर्कर'साठी परदेशातून थेट भरती त्याच दिवशी बंद झाली. म्हणजे आज कुणी सोलापुरात बसून 'केअरचा व्हिसा' किंवा 'हॉटेलात शेफचा व्हिसा' विकत असेल, तर तो काय विकतोय ते तुम्हीच ओळखा. हॉटेलमध्ये काम करणारी आपली बरीच पोरं या जाळ्यात येतात, म्हणून हे सगळ्यात आधी सांगितलं.

इथे एक गफलत कायम होते. पातळी बघतात ती कामाची, तुमच्या डिग्रीची नाही. बी.ई. झालेल्या माणसाला दुकानात सुपरवायझरची नोकरी मिळाली, तर त्या नोकरीवर हा व्हिसा मिळत नाही. प्रत्येक कामाला चार अंकी कोड आहे. सिव्हिल इंजिनिअर २१२१, मेकॅनिकल २१२२, प्रोग्रॅमर आणि सॉफ्टवेअर डेव्हलपर २१३४. ही यादी 'इमिग्रेशन रूल्स'च्या परिशिष्टात आहे, तिथे आपला कोड शोधा आणि त्याच्यासमोर लिहिलेला 'गोइंग रेट', म्हणजे त्या कामाचा ठरवून दिलेला पगार, वहीत उतरवून घ्या.

पगाराचं गणित असं. सर्वसाधारण किमान पगार वर्षाला ४१,७०० पौंड, किंवा तुमच्या कोडचा गोइंग रेट, यात जे जास्त असेल ते. प्रोग्रॅमरचा रेट ५० हजारांच्या वर आहे, म्हणून सॉफ्टवेअरवाल्यांनी ४१,७०० वर खूश होऊ नये. अर्ज करताना वय २६ च्या आत असेल तर 'न्यू एन्ट्रंट' म्हणून सवलत मिळते. तेव्हा किमान आकडा ३३,४०० वर येतो आणि गोइंग रेटही ७० टक्के धरतात. चोविशी-पंचविशीतल्या पोरांनी हे मुलाखतीत स्वतःहून सांगावं. छोट्या कंपन्यांच्या एचआरला पुष्कळदा हा नियम ठाऊकच नसतो.

आणि आपली 'सीटीसी'ची सवय पुण्यातच सोडून जा. तिथे बोनस, भत्ते, ओव्हरटाइम मोजत नाहीत. करारात लिहिलेला पक्का मूळ पगार मोजतात. ४१,७०० मधून कर आणि नॅशनल इन्शुरन्स कापून महिन्याला साधारण २,८०० पौंड राहतात, पेन्शनची कपात वेगळी. रुपयांत गुणाकार केला की डोळे दिपतात. लंडनचं घरभाडं ऐकलं की पुन्हा जमिनीवर येतो माणूस.

कंपनी शोधणं

सगळ्यात जास्त वेळ इथे जातो. मला सात महिने लागले. सव्वादोनशेच्या आसपास अर्ज, मुलाखती अकरा, नोकरी एक.

परवाना असलेल्या कंपन्यांची यादी सरकार फुकट देतं. 'रजिस्टर ऑफ लायसन्स्ड स्पॉन्सर्स: वर्कर्स' या नावाने शोधली की तक्ता उतरवून घेता येतो. लाखाच्या वर नावं आहेत. प्रत्येकासमोर गाव, दर्जा आणि कुठल्या मार्गाचा परवाना ते लिहिलेलं असतं. दर्जा 'ए' हवा आणि मार्ग 'स्किल्ड वर्कर' हवा. नाव यादीत आहे म्हणजे जागा आहेच असं नाही, एवढं मात्र डोक्यात ठेवा. मी उलट्या बाजूने गेलो. आधी नोकऱ्यांच्या संकेतस्थळांवर माझ्या कामाच्या जाहिराती काढल्या आणि प्रत्येक कंपनीचं नाव या तक्त्यात आहे का ते बघितलं. नसेल तर अर्जच नाही. एका संध्याकाळचं काम, पण पुढचे दोन महिने वाचले.

कंपनी खरी आहे का, किती जुनी आहे, हिशेब भरते का, हे 'कंपनीज हाउस' या सरकारी नोंदवहीत फुकट दिसतं. चार महिन्यांपूर्वी नोंदलेली आणि एकाच खोलीचा पत्ता असलेली कंपनी तुम्हाला मुलाखतीशिवाय नोकरी देत असेल, तर ती तुमच्या गुणांवर भाळलेली नाही.

बायोडाटा दोन पानांचा करा. फोटो, वडिलांचं नाव, जन्मतारीख, धर्म, लग्न झालंय की नाही, यातलं काहीही नको. काय केलं ते आकड्यांत लिहा. 'पुलाच्या कामात सहभाग' असं लिहून चालत नाही. किती मीटरचा पूल, त्यातलं तुमचं काम कुठलं, कुठलं सॉफ्टवेअर वापरलं, ते हवं. आपल्याला स्वतःची कामगिरी सांगायचा संकोच वाटतो. इंग्रज लोक मुलाखतीत 'तू काय केलंस' हेच विचारतात, आणि आपण 'आम्ही केलं, टीमने केलं' करत बसतो. माझ्या पहिल्या चार मुलाखती त्यात गेल्या.

पुण्यातल्या आयटी कंपनीत असाल आणि तीच कंपनी तिकडच्या ऑफिसात पाठवत असेल, तर नीट बघा. तो बहुधा वेगळा मार्ग असतो, 'सीनियर ऑर स्पेशालिस्ट वर्कर'. त्याला किमान पगार ५२,५०० पौंड लागतो, इंग्रजीची परीक्षा लागत नाही, पण त्यावर कितीही वर्षं काढली तरी कायमचं राहण्याचा हक्क मिळत नाही. वाईट मार्ग नाही तो. फक्त कुठल्या गाडीत बसतोय ते चढण्याआधी माहीत असावं.

नावाचा घोळ

सोलापूरकरांनी हा भाग दोनदा वाचावा.

आपल्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर आडनावाचा रकाना वेगळा, आणि 'गिव्हन नेम'मध्ये स्वतःचं आणि वडिलांचं नाव एकत्र. आधारवर तिसराच क्रम. त्यात आपल्याकडच्या तेलुगू घरांत इंग्रजी स्पेलिंगची तऱ्हा निराळी. एकाच घरात वडिलांच्या आडनावात एक 'एल', मुलाच्या दाखल्यात दोन. कन्नड घरांतही थोडंफार तेच. सोलापुरात कुणाला याचं काही वाटत नाही, कारण सगळेच तसे. इंग्लंडच्या संगणकाला वाटतं.

नियम सोपा आहे: नोकरीच्या अर्जापासून शेवटपर्यंत पासपोर्टवर आहे तसंच नाव, त्याच स्पेलिंगने. माझ्या एका मित्राने बायोडाट्यावर वडिलांचं नाव गाळलं, ऑफर लेटर तसंच आलं, सीओएसही तसाच. पासपोर्टवर मात्र तीन नावं. ते दुरुस्त करून घेण्यात तीन आठवडे गेले. नाव मुळातच चुकलं असेल, किंवा लग्नानंतर बदललं असेल, तर आधी, गरज असेल तर, राजपत्रात नावबदल, मग पासपोर्ट, आणि त्यानंतरच नोकऱ्या शोधायला लागा. पासपोर्टचं केंद्र सोलापुरातच आहे, पुण्याच्या प्रादेशिक कार्यालयाच्या हाताखाली, तेव्हा या कामासाठी प्रवास नाही. पासपोर्टची मुदतही याच वेळी बघून घ्या.

विद्यापीठाच्या नावाचाही घोळ आहे. सोलापूर विद्यापीठ सुरू झालं १ ऑगस्ट २००४ ला. त्याआधीच्या पदव्यांवर कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचं नाव. पुढे २०१९ मध्ये आपल्या विद्यापीठाला पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांचं नाव मिळालं. म्हणजे एकाच कॉलेजातून शिकलेल्या तीन भावंडांच्या कागदांवर तीन विद्यापीठं दिसू शकतात. कंपनीची पार्श्वभूमी तपासणारी माणसं इथे अडतात. दोन ओळींचं स्पष्टीकरण आणि ट्रान्सक्रिप्ट आधीच तयार ठेवा. ट्रान्सक्रिप्टसाठी केगावला, विद्यापीठात, चक्कर मारावी लागेल. नोकरी मिळायची वाट न बघता मारून या.

इंग्रजी

८ जानेवारी २०२६ पासून पातळी वाढली. आधी बी-१ पुरायची, आता नव्या अर्जदारांना बी-२ लागते. आयएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेच्या भाषेत लिहिणं, वाचणं, ऐकणं, बोलणं या चारही भागांत प्रत्येकी किमान ५.५. सरासरी ६.५ आली आणि लिहिण्यात ५ पडले, तर नापासच. आपली पोरं लिहिण्यातच मार खातात.

परीक्षा निवडताना नावातला एक शब्द पुढे-मागे झाला तर पैसे बुडतात. साधी आयएलटीएस चालत नाही, 'आयएलटीएस फॉर यूकेव्हीआय' लागते (यूकेव्हीआय म्हणजे तिथलं व्हिसा खातं). पीटीई या दुसऱ्या परीक्षेचंही तेच, तिचीही यूकेव्हीआयवाली आवृत्ती घ्यायची. निकाल दोन वर्षं चालतो.

इंग्रजी माध्यमातून पदवी झाली असेल तर परीक्षेऐवजी 'एक्टिस' या संस्थेकडून तसा दाखला घेता येतो. त्यासाठी विद्यापीठाचं माध्यमाचं पत्र लागतं. माझं मत विचाराल तर परीक्षा देऊन मोकळे व्हा. पत्रासाठी खिडकी-खिडकी फिरण्यापेक्षा एका शनिवारी पुण्याला जाऊन येणं स्वस्त पडतं.

सीओएस आला, आता घड्याळ सुरू

नंबर दिल्यापासून तीन महिन्यांत अर्ज करावा लागतो, आणि कामावर रुजू होण्याच्या तारखेच्या तीन महिने आधीपासून अर्ज करता येतो. नोटीस पिरियड नव्वद दिवसांचा असेल तर एचआरशी रुजू तारखेचं आधीच बोलून ठेवा. आणि व्हिसा मंजूर झाल्याशिवाय राजीनामा देऊ नका. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, असा प्रकार मी डोळ्यांनी पाहिलाय. माणसाने राजीनामा दिला, सोलापुरात गच्चीवर निरोपाचं जेवण झालं, आणि तिकडच्या कंपनीने प्रकल्प पुढे ढकलला.

एचआरला सीओएसच्या तपशिलाची प्रत मागा. त्यात नाव, पासपोर्ट नंबर, कामाचा कोड, पगार, कामाचा पत्ता, रुजू तारीख अक्षर न् अक्षर तपासा. आणि एक रकाना खास शोधा: पहिल्या महिन्याचा तुमचा खर्च भागवण्याची हमी कंपनीने घेतली आहे का. ती खूण असेल तर बँकेच्या कागदांची कटकट संपली. एचआरला 'सर्टिफाय मेंटेनन्स कराल का' एवढंच विचारायचं असतं. मी विचारलं नाही. संकोच!

पैसे: कुणाचे, किती, कुठे

ती खूण नसेल तर तुमच्या खात्यात १,२७० पौंडांइतकी रक्कम सलग २८ दिवस असावी लागते, आणि त्या २८ दिवसांचा शेवट अर्जाच्या तारखेपासून ३१ दिवसांच्या आतला हवा. पौंड १२० रुपये धरला तर दीड लाखाच्या थोडं वर. माझ्या खात्यात बरोबर तेवढेच होते. एकोणिसाव्या दिवशी विम्याचा हप्ता आपोआप कापला गेला आणि शिल्लक एका दिवसासाठी खाली आली. वडिलांनी दुसऱ्याच दिवशी भर घातली, पण मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून. चूक माझीच. तेव्हा वीस-पंचवीस हजार जास्तच ठेवा. पौंडाचा भाव अर्जाच्या दिवशीचा धरतात, तो वर गेला तरी फटका बसतो.

आपल्याकडे पैसा असतो तो पतसंस्थेत, भिशीत, नाहीतर आईच्या पाटल्यांत. यातलं काहीच इथे चालत नाही. नियमन असलेल्या बँकेतलं, तुमच्या नावाचं, हवं तेव्हा काढता येणारं खातं हवं. पतसंस्थेतली ठेव मोडायची असेल तर दोन महिने आधी मोडा. ऐन वेळी 'साहेब पुढच्या सोमवारी या' ऐकावं लागतं.

व्हिसाची फी तीन वर्षांपर्यंत ७६९ पौंड, त्याहून जास्त काळासाठी १,५१९. हे दर एप्रिल २०२५ चे. त्यावर आरोग्य अधिभार, वर्षाला १,०३५ पौंड, आणि तो सगळ्या वर्षांचा एकदम, आगाऊ. तीन वर्षांचा हिशेब ३,८७४ पौंड, म्हणजे सुमारे ४ लाख ६५ हजार रुपये. पाच वर्षांचा ६,६९४ पौंड, म्हणजे आठ लाख. बायको सोबत येणार असेल तर तिचे तेवढेच वेगळे, शिवाय शिलकीत २८५ पौंड वाढवायचे. पुष्कळ कंपन्या तुमचा हा खर्च उचलतात किंवा परत देतात. ऑफर स्वीकारण्याआधी विचारा, नंतर विचारलं की उत्तर बदलतं. अर्ज नामंजूर झाला तर अधिभार परत मिळतो, फी मिळत नाही.

आता कंपनीने स्वतःच्या खिशातून भरायचे ते पैसे. परवान्याची फी, सीओएसची ५२५ पौंड फी, आणि 'इमिग्रेशन स्किल्स चार्ज' जो मोठ्या कंपनीला डिसेंबर २०२५ पासून वर्षाला १,३२० पौंड पडतो. हे पैसे तुमच्याकडून वसूल करायला नियमाने मनाई आहे. 'सीओएसचे दहा लाख' ही भाषा जिथे ऐकाल तिथून चहा न पिता उठा. नोकरी मिळवून देण्यासाठी उमेदवाराकडून पैसे घेणं इंग्लंडमध्ये १९७३ च्या कायद्यापासून बेकायदा आहे. आपल्याकडेही परदेशी भरती करणाऱ्या एजंटाला १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली परवाना लागतो आणि त्याची फी ३० हजार रुपये अधिक जीएसटी एवढ्यावर बांधलेली आहे. परवाना खरा की खोटा ते 'ई-मायग्रेट' या सरकारी पोर्टलवर नाव टाकून बघता येतं. अठरा लाख आणि तीस हजार. बाकी तुम्ही समजूतदार आहात.

टीबीची तपासणी आणि अर्ज

भारतातून सहा महिन्यांहून जास्त काळासाठी जाणाऱ्याला क्षयरोग नसल्याचा दाखला लागतो. तो ब्रिटिश सरकारने नेमलेल्या दवाखान्यातूनच. सिव्हिलचा किंवा ओळखीच्या डॉक्टरांकडचा एक्स-रे चालत नाही. नेमलेल्या दवाखान्यांची यादी सरकारी संकेतस्थळावर आहे, वेळ आधी ठरवावी लागते. दाखला सहा महिने चालतो, तेव्हा फार आधी काढून उपयोग नाही.

अर्ज ऑनलाइन. घाई न करता दोन रात्री काढून भरा. गेल्या दहा वर्षांतला परदेश प्रवास, आधी कुठला व्हिसा नाकारला गेलाय का, हे सगळं विचारतात. पाच वर्षांपूर्वी कुठल्या तरी देशाने टुरिस्ट व्हिसा नाकारला असेल तर तसं लिहा. नकार असणं हा गुन्हा नाही, लपवणं आहे. खोटी माहिती किंवा खोटा कागद सापडला तर दहा वर्षांची बंदी येऊ शकते. खोटं अनुभवपत्र जोडून देतो म्हणणारे भेटतील. ती दहा वर्षं त्यांची जात नाहीत, तुमची जातात. मराठीतल्या कुठल्याही कागदासोबत प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडा. जोडीदाराला नेणार असाल तर विवाह नोंदणी दाखला महापालिकेतून आधीच काढून ठेवा. लग्नपत्रिका आणि अल्बम हा पुरावा नव्हे.

पैसे भरले की बोटांचे ठसे आणि फोटो द्यायला व्हीएफएस या व्हिसाचे अर्ज घेणाऱ्या कंपनीच्या केंद्रात जायचं. सोलापूरकरांना पुणे सोयीचं. सकाळची हुतात्मा एक्सप्रेस पकडा, दुपारची वेळ घ्या, रात्री घरी. कागद घरूनच स्कॅन करून चढवले तर केंद्रातले जास्तीचे पैसे वाचतात. तिथे 'प्रीमियम लाउंज'पासून एसएमएसपर्यंत काय काय विकायला बघतात, त्यातलं काही घेतलं नाही म्हणून व्हिसा अडत नाही. निकाल साधारण तीन आठवड्यांत येतो. नकार आला आणि तो चुकीचा वाटला, तर २८ दिवसांत ८० पौंड भरून फेरतपासणी मागता येते.

नर्सिंगवाल्या ताई-दादांसाठी थोडं वेगळं

तुमची वाट जास्त लांब, पण बरीच स्वस्त. आधी तिथल्या नर्सिंग कौन्सिलची, म्हणजे एनएमसीची, नोंदणी. त्यासाठी इंग्रजी जड आहे: आयएलटीएसमध्ये वाचणं, ऐकणं, बोलणं ७ आणि लिहिणं ६.५, किंवा ओईटी ही आरोग्य क्षेत्रातल्यांसाठीची इंग्रजी परीक्षा. मग संगणकावरची परीक्षा भारतात, आणि प्रात्यक्षिक परीक्षा तिकडे गेल्यावर. एनएमसीने इंग्रजी मान्य केलं की व्हिसासाठी वेगळी परीक्षा नाही. व्हिसा 'हेल्थ अँड केअर'चा, तीन वर्षांपर्यंतची फी ३०४ पौंड, आरोग्य अधिभार माफ. पगाराची ४१,७०० ची अट लागू नाही. सरकारी दवाखान्यांत नव्या नर्सच्या 'बँड ५' या पगारश्रेणीची सुरुवात २०२५-२६ मध्ये ३१,०४९ पौंड होती. पोलिसांचा चारित्र्य दाखलाही लागतो, तो पासपोर्ट सेवेच्या पोर्टलवरून ५०० रुपयांत निघतो. एनएचएसच्या, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या, भरतीत उमेदवाराकडून एक पैसाही घ्यायचा नाही, असा त्यांचा लेखी दंडक आहे.

व्हिसा आल्यावर

आता बहुतेकांना पासपोर्टवर चिकटवलेला व्हिसा मिळत नाही. 'ई-व्हिसा' मिळतो, म्हणजे यूकेव्हीआय खात्यातली नोंद. निघण्याआधी ते खातं उघडून नाव, तारखा, पासपोर्ट नंबर बघा. घरमालक, बँक, कंपनी सगळे तुमच्याकडे 'शेअर कोड' मागतील, तो याच खात्यातून निघतो.

हा व्हिसा त्या एका कंपनीला बांधलेला असतो. नोकरी गेली, किंवा कंपनीचाच परवाना रद्द झाला, तर साधारण ६० दिवसांत दुसरा स्पॉन्सर शोधा नाहीतर परत या, असं पत्र येतं. केअरच्या क्षेत्रात परवाने रद्द झाले तेव्हा कर्ज काढून गेलेली माणसं अशीच लटकली. म्हणून तीन महिन्यांचा खर्च बाजूला पडेपर्यंत घरी पैसे पाठवायचं मनावर घेऊ नका, आई रागावली तरी.

पाच वर्षांनी कायमचं राहायला मिळतं असं सगळे सांगतात. तो नियम होता, पण मे २०२५ च्या श्वेतपत्रिकेत तिथल्या सरकारने तो काळ दहा वर्षांवर न्यायचं मांडलं. माझी पाच वर्षं येत्या नोव्हेंबरला भरतात, त्यामुळे मी रोज सकाळी बातम्या बघतो. तुम्ही निघताना दहाच धरून निघा.

सामानाचं म्हणाल, तर शेंगाचटणी न्या, कडक भाकरी न्या, काळा मसाला दोन पिशव्यांत बांधून न्या. दुधाचे पदार्थ भारतातून नेता येत नाहीत, विमानतळावर काढून घेतात. माझ्या आत्याने दिलेले खव्याचे पेढे मी अबुधाबीच्या विमानतळावर बसून शेजारच्या दोन केरळी नर्सना वाटले. त्यातली एक लीड्सला आहे. अजून दर दिवाळीला पेढ्यांची आठवण काढते.